वरच्या आळीचा नळ

"तो पितळी हंडा मघाशी भरलेला होता," मी म्हटलं.

दिग्दर्शक देवस्थळींनी कपाळावरची टोपी मागे सारली. "शरयू, समोर कुंदा कारखानीस उभी आहे. हंडा कोण बघणार आहे?"

"मी बघते. तेवढ्यासाठीच तर मला घेतलंय."

ते खरं होतं. रसायनशास्त्रात बी.एस्सी. झाल्यावर प्रयोगशाळेतली नोकरी मिळेपर्यंत काहीतरी करायचं म्हणून मी सिनेमाच्या युनिटमध्ये आले होते, आणि मला काम दिलं होतं सातत्य राखण्याचं. एकच प्रसंग तुकड्यातुकड्यांनी चित्रित होतो. पहिल्या तुकड्यात नायिकेचा पदर डाव्या खांद्यावर असेल तर तासाभराने घेतलेल्या दुसऱ्या तुकड्यातही तो डाव्याच खांद्यावर हवा. पहिल्यात पेला अर्धा तर दुसऱ्यातही अर्धा. कॅमेऱ्यामागे बसून मी दिवसभर पदर आणि पेले बघत असे. मला ते आवडायचं. मोजमाप पाळायची सवय होतीच. इथे परीक्षानळीच्या जागी माणसं होती, एवढंच.

आणि आत्ता तान्हाबाईंचा हंडा रिकामा होता.

सिनेमाचं नाव होतं 'मत तुझं, मन माझं'. गुलाब नावाची एक चहावाली नगरपालिकेच्या निवडणुकीला उभी राहते आणि नेमकी समोरच्या उमेदवाराच्या प्रेमात पडते, अशी गोष्ट. गुलाबचं काम कुंदाबाईंचं. त्या दिवशीचा प्रसंग असा, की गुलाबचा पक्ष मतांसाठी रात्रीत एक नळ उभारतो, गुलाब तोटी सोडते, पाणी येतं, बायका टाळ्या वाजवतात, आणि फोटोवाले वळताक्षणी नळ कोरडा पडतो. त्यासाठी आम्ही खडकवेढे गावाच्या वरच्या आळीत एका भिंतीला तोटी बसवली होती. भिंतीमागे उंच चौथऱ्यावर पिंपं, आणि ती भरायला खालच्या विहिरीवरून टँकर. आळीतल्या बायकांना निरोप होता, आपापला हंडा घेऊन या.

मी तान्हाबाईंकडे गेले. पन्नाशीच्या, काटक, नाकात मोरणी. रांगेत त्यांचा पहिला नंबर होता.

"मावशी, हंड्यातलं पाणी कुठं गेलं?"

"घरी."

"घरी?"

"रांजनात वतून आले. तुमचा तो बाबा 'कट' म्हनला की तितं हुबं ऱ्हाऊन काय करायचं?"

मी रांगेवरून नजर फिरवली. सगळेच हंडे रिकामे होते. प्रत्येक 'कट'नंतर सगळी रांग धावत घरी जाऊन पाणी ओतून पुन्हा येऊन उभी राहत होती, आणि हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं, कारण सगळ्यांचे डोळे कुंदाबाईंवर.

कुंदाबाई भिंतीला टेकून आमचं बोलणं ऐकत होत्या. तिशीच्या, सावळ्या, हसायच्या आधी एक भुवई उचलणाऱ्या. एका टेकमध्ये शॉट देणारी बाई म्हणून त्यांची ख्याती होती.

"मावशी, अहो पण आम्हाला ते भरलेले लागतात," त्या म्हणाल्या.

"भरा की मग परत. नळ तुमचाच हाय." तान्हाबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "एक सांगू का बाई? तू लई हुशार हाईस. पैल्या झटक्यात बराबर बोलतीस. जरा चुकत जा. तू चुकलीस की आमचा हंडा वाढतो."

कुंदाबाईंची भुवई वर गेली. त्या जागेवर जाऊन उभ्या राहिल्या.

त्यानंतर त्या दुपारी जे झालं ते युनिटमधल्या जुन्या माणसांनीही कधी पाहिलं नव्हतं. कुंदाबाई चुकू लागल्या. आधी वाक्य विसरल्या. मग तोटी उलटीकडे फिरवली. मग ऐन वेळी शिंकल्या. एकदा गुलाबच्या जागी स्वतःचंच नाव घेतलं आणि जीभ चावली. प्रत्येक वेळी देवस्थळी ओरडत, "कट!" आणि प्रत्येक वेळी हंड्यांची रांग खिदळत घरी पळे.

"बाई, तब्येत बरी नाही का?" देवस्थळी रडकुंडीला आले होते.

"ऊन फार आहे हो. परत घेऊ या ना."

कॅमेऱ्याशी पेडणेकर होते. बोलायला मोजके, कामाला चोख. त्यांनी डोळा कॅमेऱ्यावरून काढला नाही, फक्त हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, निगेटिव फिल्म संपत आली. उद्याच्या सभेला पुरायला हवी."

"किती उरलीय?"

"सभेपुरती."

"आणि पिंपात पाणी?"

पेडणेकरांनी पहिल्यांदाच मान वर केली, बायकांच्या रांगेकडे पाहिलं, मग कुंदाबाईंकडे. "तळाला गेलंय," ते म्हणाले.

"मग आता बरोबर करते," कुंदाबाई म्हणाल्या, आणि पुढच्याच टेकला त्यांनी असा काही शॉट दिला की टाळ्या वाजवा असं बायकांना सांगावं लागलं नाही.

सामान आवरताना तान्हाबाई पुन्हा आल्या. सेटिंगची माणसं तोटी काढत होती.

"ह्ये बी नेनार?"

"मावशी, ती खोटी आहे," कुंदाबाई म्हणाल्या. "भिंतीमागं नुसतं पिंप आहे."

"ते दिसतंय मला. आंधळी न्हाई मी. आमचा खरा नळ त्यो तितं हाय." त्यांनी आळीच्या कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे नगरपालिकेचा एक लोखंडी नळ उभा होता, त्यावर कुणाचं तरी धुणं वाळत होतं. "पाइप घातला तवा म्हैनाभर आलं पानी. फुडं बंद झालं. आन्नासायेब म्हनत्यात, आळी उंचावर हाय, पानी चढत न्हाई."

आण्णासाहेब डुबल म्हणजे गावचे नगराध्यक्ष. गोल चेहरा, पांढरी टोपी, गोड आवाज. शूटिंगला परवानगी, मैदान, माणसं, सगळं त्यांनीच दिलं होतं, आणि बदल्यात एकच मागणं मागितलं होतं: सिनेमात एकदा तरी त्यांचं दर्शन व्हावं. म्हणून उद्याच्या सभेत व्यासपीठावर प्रमुख पाहुणे म्हणून ते बसणार होते.

"बीएस्सी," कुंदाबाईंनी मला हाक मारली. माझं नाव त्यांनी कधीच घेतलं नाही. "पाणी चढत नाही म्हणजे काय गं?"

"टाकी नळापेक्षा खाली असेल तर नाही चढणार. पण टाकी कुठं आहे?"

तान्हाबाईंनी दाखवली. गावापलीकडच्या टेकडीवर, पांढरी. नुसत्या डोळ्यांनी सांगता येईना. लांबच्या गोष्टींच्या उंचीबाबत डोळा फसतो. मी सेटिंगवाल्यांकडून त्यांची पारदर्शक नळी मागून आणली. सेट उभारताना दोन टोकं एका पातळीत आहेत की नाहीत हे बघायला ती पाणी भरून वापरतात. नळी वाकवून दोन्ही टोकं समोर धरली. दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला येऊन थांबलं. मग त्या दोन पातळ्यांवरून नजर सरळ टेकडीकडे नेली.

"काय दिसतंय?" कुंदाबाई माझ्या खांद्यावरून वाकल्या.

"टाकीचा तळ या रेषेच्या वर आहे. चांगला वर."

"म्हणजे?"

"म्हणजे पाण्याला चढायचंच नाहीये. उतरायचंय. ते येत नाही कारण मध्ये कुणीतरी अडवलंय."

तान्हाबाई नळीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी खाली गावात वळणाच्या रस्त्यावर बघितलं. तिथे आण्णासाहेबांच्या मेव्हण्याचा बर्फाचा कारखाना होता आणि त्याच्या दारात नगरपालिकेच्या व्हॉल्व्हची लोखंडी झाकणी. "मेल्यांनो," त्या म्हणाल्या, अगदी शांतपणे.

मला वाटलं होतं कुंदाबाई आता भडकतील. त्या नुसत्या उभ्या होत्या, ओठ मुडपून; नवं वाक्य पाठ करताना उभ्या राहत तशा. परत निघताना त्या माझ्या जीपमध्ये बसल्या नाहीत. पेडणेकरांच्या शेजारी बसल्या.

सभेला अख्खं गाव लोटलं होतं. व्यासपीठावर झालर, मागे गुलाबचं भलंमोठं चित्र, खुर्चीत आण्णासाहेब, नवी टोपी घालून. त्यांनी मला दोनदा विचारलं, "आमचा उजवा गाल येतोय ना? डाव्याला मस आहे."

देवस्थळी ओरडले, "अॅक्शन!" पेडणेकरांचा कॅमेरा सुरू झाला. मला त्याचा आवाज किंचित पातळ वाटला, पण कॅमेऱ्याचं यंत्र हा माझा प्रांत नव्हता.

गुलाबचं भाषण छापील होतं: चहाची किंमत, पुढाऱ्यांची आश्वासनं, लोक हसतील अशी दोनचार वाक्यं. कुंदाबाईंनी पहिली चार तंतोतंत म्हटली. पाचव्याला त्या थांबल्या, वळल्या, आणि आण्णासाहेबांकडे बघून गोड हसल्या.

"माझ्या विरोधात कुणी का असेना, आज पाहुणे मोठे आलेत. मी पाहुण्यांनाच विचारते. आण्णासाहेब, वरच्या आळीला पाणी का हो येत नाही?"

माझ्या हातातली पेन्सिल थांबली. हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. देवस्थळींनी 'कट' म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांना ते आवडलं असावं.

आण्णासाहेबांनी क्षणभर कॅमेऱ्याकडे पाहिलं. मग गळा साफ केला, उजवा गाल पुढे केला. "बाई, आळी उंचावर. पाणी चढत नाही."

"टाकी तर आळीच्याही वर आहे म्हणतात. आमच्याकडे एक बीएस्सी आहे, तिनं बघितलंय."

गर्दीत हशा उसळला. बायकांच्या बाजूने तान्हाबाईंचा आवाज आला, "बोला की वं आन्ना!"

असा प्रश्न नगरपालिकेच्या सभेत आला असता तर आण्णासाहेबांनी समिती नेमली असती. पण समोर कॅमेरा होता, आणि त्यांना वाटलं असावं की हे सगळं सिनेमात जाणार, मुंबई-पुण्यात लोक बघणार. ते उठले. दोन्ही हात वर केले.

"माझ्या माताभगिनींनो, हा आण्णासाहेब शब्द देतो. मध्ये व्हॉल्व्ह आहे, तो मी स्वतः उघडीन! वरच्या आळीला पाणी आलं नाही तर टोपी घालणार नाही!"

टाळ्यांनी मैदान दणाणलं. कुंदाबाईंनी वाकून नमस्कार केला. देवस्थळी 'कट' म्हणायचं विसरून टाळ्या वाजवत होते.

मी पेडणेकरांकडे धावले. "किती फूट फिल्म गेली?"

"लिहू नकोस," ते म्हणाले.

"म्हणजे?"

त्यांनी देवस्थळींकडे वळून, खाली बघत सांगितलं, "साहेब, माफ करा. मॅगझिन लोड करायचं राहिलं. फिल्म नव्हती."

पुढचं देवस्थळींचं बोलणं इथे लिहिण्यासारखं नाही. आण्णासाहेब तोवर गाडीत बसून दुसऱ्या कार्यक्रमाला गेले होते. दुपारी उरलेल्या माणसांना गोळा करून तेच भाषण परत घेतलं, छापील होतं तसं, पाहुण्याची खुर्ची सोडून. पेडणेकर मान खाली घालून सगळ्या शिव्या ऐकत राहिले. मला काही ते पटेना. हा माणूस लेन्स पुसायचं फडकंसुद्धा स्वतः धुतो. त्याला फिल्म घालायची आठवण राहत नाही?

मी कुंदाबाईंना तसं म्हणालेही. त्या आरशात बघून टिकली काढत होत्या.

"माणूस आहे," त्या म्हणाल्या. "मी नाही का काल चुकले?"

सिनेमा दिवाळीनंतर लागला. पुण्यात बरा चालला. खडकवेढ्याच्या टॉकीजमध्ये पहिला खेळ दुपारचा ठेवला, आणि आण्णासाहेबांच्या आग्रहावरून कुंदाबाई, देवस्थळी, पेडणेकर आणि मी, असे चौघं गेलो. मला मधल्या काळात औषधांच्या कंपनीत नोकरी लागली होती. मी खोटं बोलून रजा काढली होती.

टॉकीजच्या दारात तान्हाबाई उभ्या होत्या. आळीतल्या झाडून सगळ्या बायका होत्या.

"पाणी काय म्हणतंय मावशी?" कुंदाबाईंनी विचारलं.

"कसलं पानी! धा येळा गेलो आमी. आन्ना म्हनला, बायांनो, येड्या का खुळ्या, ते शिनेमातलं बोलनं हुतं. शिनेमात म्या राजा झालो अस्तो तर राज्य मागाय आला अस्ता का?"

मला धक्का बसला. कुंदाबाईंना बसला नाही. त्यांची भुवई वर गेली, आणि मग त्या हसल्या.

"अस्सं म्हणाला?"

"अस्संच."

"बरं झालं," कुंदाबाई म्हणाल्या. "चला आत. सिनेमा बघू."

आत खच्चून गर्दी. पुढच्या कोचावर आण्णासाहेब, सौभाग्यवती, मेव्हणे, पाहुणे, सगळे. आण्णासाहेबांच्या डोक्यावर टोपी होती. गुलाबच्या चहाच्या टपरीवर लोक पोट धरून हसले. नायकाने पहिल्यांदा तिच्याकडून उधारीवर चहा घेतला तेव्हा कुणीतरी शिट्टी मारली. मग सभा आली. आण्णासाहेब पुढे सरकून बसले. गुलाब बोलली, लोक हसले, टाळ्या पडल्या, आणि सभा संपली. पाटी आली: मध्यंतर.

दिवे लागले. आण्णासाहेबांचा आवाज अख्ख्या थिएटरने ऐकला.

"अहो देवस्थळी, मी कुठाय?"

देवस्थळी उठून काहीतरी पुटपुटणार, तोच कुंदाबाई उभ्या राहिल्या.

"तुम्ही नाही आहात, आण्णासाहेब."

"नाही म्हणजे? मी बोललो, टाळ्या झाल्या, या सगळ्यांनी बघितलं!"

"बघितलं की. पण सिनेमात नाही तुम्ही. तेव्हा कॅमेऱ्यात फिल्मच नव्हती. विचारा पेडणेकरांना."

पेडणेकर उभे राहिले. एवढ्या लोकांपुढे बोलायची त्यांना सवय नव्हती. "नव्हती," ते म्हणाले. "मी घातलीच नाही. आदल्या दिवशी जीपमध्ये बाईंनी सांगितलं होतं, घालू नका."

"काय?" हे देवस्थळी.

मी कुंदाबाईंकडे बघत राहिले. एवढ्या चोख माणसाने शिव्या खाल्ल्या होत्या त्या आपल्या चुकीबद्दल नव्हेच.

"सिनेमात असतात तर तुम्ही बोललात ते सिनेमातलं झालं असतं," कुंदाबाई म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता. शेवटच्या रांगेपर्यंत कसं पोचायचं हे त्यांना ठाऊक होतं. "तुम्ही तसंच म्हणणार असं मला वाटत होतं. आता सांगा. इथं सगळ्यांनी सिनेमा बघितला. त्यात तुम्ही नाही. मग ते बोलणं कुणाचं?"

आण्णासाहेबांच्या पत्नी पदराआड हसत होत्या. ते मला नीट दिसलं, कारण पदर बघायची मला सवय होती.

आण्णासाहेबांनी मेव्हण्याकडे पाहिलं. मेव्हणा छताकडे बघत होता. मग आण्णासाहेबांनी हळूच टोपी काढली, मांडीवर ठेवली, आणि खो खो हसू लागले. हसता हसता डोळे पुसले.

"बाई, तुमच्या पाया पडतो. एक करा. खऱ्या इलेक्शनला उभ्या राहू नका. माझं काही खरं राहणार नाही."

"व्हॉल्व्ह?"

"उघडतो. उद्या सकाळी माणूस पाठवतो."

"मानूस कशाला?" तान्हाबाई मधल्या रस्त्यात येऊन उभ्या राहिल्या होत्या. "सोता उघडीन म्हनला हुता. चला की आत्ताच."

"अहो, सिनेमा अर्धा राहिलाय."

"शिनेमा उद्या बी लागंल. तुमी उद्या गावाल का?"

यावर जो हशा झाला त्यात आण्णासाहेबांना उठावंच लागलं. ते निघाले, मागे तान्हाबाई, त्यांच्यामागे वरची आळी, आणि मग काय होतंय ते बघायला सगळं थिएटर. पुरुष, पोरं, भजीवाला, तिकिटं फाडणारा, सगळे. देवस्थळीसुद्धा गेले, "पेडणेकर, हे तरी घ्या, हे तरी घ्या!" असं ओरडत, आणि पेडणेकर रिकामे हात दाखवत त्यांच्यामागून गेले.

रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा, जमिनीवर शेंगांची टरफलं, आणि आम्ही दोघी. मशिनच्या खिडकीतून ऑपरेटरने डोकं बाहेर काढलं.

"बाई, कोणीच नाही. बंद करू?"

मी कुंदाबाईंकडे पाहिलं. पहिल्या खेळाला, मध्यंतरात, एकही प्रेक्षक न उरणं म्हणजे नटीसाठी काय असतं हे मला आता कळत होतं. त्यांनी चपला काढल्या, पुढच्या खुर्चीच्या पाठीवर पाय ठेवले, आणि शेजारची खुर्ची थोपटली.

"लाव रे," त्या वर बघून म्हणाल्या. "बस गं बीएस्सी. आता पुढं माझं लग्न आहे."